ठंडे करून टाका

३ जुलै १९५५, रविवार. सकाळ.

नवी वही. घरकर्त्याने आधी घरच्यांची तब्येत विचारावी आणि मग आपले गाऱ्हाणे लिहावे, असा माझा नियम आहे. आजपासूनचा.

तर एकेकाची विचारपूस केली. बायको सुगंधाबाईचे गुडघे: पावसात कुरकुरतात, पण चालतात. म्हणाली, गुडघ्यांचे सोडा, सरपण ओले झाले त्याचे विचारा. सून आशाबाई: बरी. मुलगा देवाजी आलापल्लीच्या लाकूड डेपोत: पावसाळ्यात खबर नाही म्हणजे बरा. बहीण सोनीबाई, कानाने कमी: तब्येत कशी विचारले तर म्हणाली, दोन वाट्या पुरेत. म्हणजे बरी. बैल ढवळ्या आणि चांद्या: खांदे शाबूत. गाय: दूध कमी, बाकी मिजास जास्त.

माझी तब्येत: उत्तम.

बंदुकीची तब्येत: हे जरा सविस्तर लिहावे लागेल.

गावात बंदूक एकच. पिकाच्या राखणीचे लायसन माझ्या नावावर. एकनळी, बाराबोर. काल दिवेलागणीला शेजारचा मुखरू धावत आला, धानाच्या पऱ्ह्यात, रोपांत, डुक्कर घुसले म्हणाला. गेलो. डुक्कर होते. गाईच्या वासराएवढे. (मुखरू म्हणतो, कुत्र्याएवढे. त्याला अंधारात दिसत नाही.) नेम धरला, घोडा दाबला. टक्.

काडतूस काढले, दुसरे घातले. टक्. असे करत पाचवे घातले, तेही टक्. दर टक्‌ला डुक्कर मान वर करून पाही आणि पुन्हा पऱ्हे खाई. पाचव्यानंतर ते दोन पावले माझ्याकडे आले. मग मी घरी आलो. कसा आलो ते महत्त्वाचे नाही.

मुखरू मागून विचारत होता, बार काऊन नाई झाला जी. मी सांगितले, पहिल्या दिवशी फक्त ताकीद द्यायची असते. तो म्हणाला, ताकीद त्यानं ऐकली, पण पऱ्हे खात खात ऐकली.

काडतुसे आढ्याजवळ ठेवली होती, नेमके तिथेच गळत होते. दमट झाली. एवढेच. पण घरी येऊन बंदूक ओसरीतल्या खुंट्यांवर आडवी टांगली आणि मला लायसनच्या वेळचे वडशाच्या ठाण्यातल्या जमादाराचे शब्द आठवले. न उडालेले काडतूस मेले असे धरू नका, म्हणाला होता. ते कधी कधी झोपलेले असते. आपल्या मर्जीने उठते. नळी रिकाम्या बाजूला धरून वाट पाहावी, मगच उघडावी.

हे आठवले तेव्हा झोपलेली काडतुसे माझ्या बंडीच्या खिशात होती. छातीच्या खिशात.

मी घाबरलो नाही. फक्त श्वास वरवरचा घेतला. डोळे मिटून ती बाहेर काढली आणि धोतराच्या फडक्यात बांधली.

संकल्प: उद्याच्या उद्या विल्हेवाट. कोणाला कळू द्यायचे नाही. घरच्यांचा जीव टांगणीला लागेल. आणि गाव म्हणेल, बंदूकवाला आपल्याच काडतुसांना भितो.

४ जुलै.

पुडके कोंड्याच्या ढोल्यात, म्हणजे बांबूच्या कणगीत, तळाशी ठेवले. कोंड्याइतके मऊ काही नाही, झोपमोड होणार नाही.

दुपारी पाहतो तर आशाबाई टोपलीत कोंडा भरून चुलीकडे निघालेली. मी अंगणातून दोन उड्यांत स्वयंपाकघरात. टोपली हिसकली. सांगितले, आजपासून चुलीचा कोंडा मी आणीन. तिने सासूकडे पाहिले. सासूने माझ्याकडे पाहिले. साठीच्या पुढे माणसाला असे होते, असे दोघी डोळ्यांनी बोलल्या.

पुडके तळाशीच होते. पण मग ठेवायचे कुठे? आढ्यावर, तर वीज. देवाजवळ, तर समई. माजघरात, तर सोनीबाईची शेगडी. या घरात इतका विस्तव आहे हे आजवर ध्यानातच आले नव्हते. आम्ही एवढी वर्षे जगलो कसे, हेच नवल.

शेवटी न्हाणीच्या दगडामागे ठेवले. माझी आंघोळ तूर्त बंद.

५ जुलै.

रात्रीचा ओसरीत झोपतो. न्हाणीपासून सगळ्यात लांब जागा तीच. डोक्यावर बंदूक टांगलेली असल्याने मनाला आधार वाटतो. सुगंधाबाईने विचारले, आत काऊन नाई झोपत. म्हटले, उकडते. बाहेर धो धो पाऊस.

७ जुलै.

प्लॅन पक्का. गावची बोडी. खोल पाणी, तळाला गाळ. पहाटे गेलो. पुडके फडक्यात होते, ते भिजून खराब होऊ नये म्हणून आधी मेणकापडात घट्ट गुंडाळले, वरून सुतळी, सुतळीला दगड. डोळे मिटून भिरकावले. डुबुक.

संपला विषय. परत येताना चक्क गाणे म्हटले. आंघोळ केली. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. हे सगळे डोक्याने होते, घाबरून काही होत नाही.

१० जुलै.

डोमा ढिवर सकाळी दारात. हातात मेणकापडाचे पुडके, त्यातून पाणी गळते आहे. म्हणाला, गुणवंतभाऊ, जाळ्यात तुमचं सामान आलं. सुतळी सोडून पाहिलं तं बंदुकीचं होतं. गावात बंदूक तं तुमचीच. आतून अगदी कोरडं राह्यलं पहा.

एवढे बोलून त्याने ते माझ्या मांडीवर ठेवले. वरून दोन मरळ मासे ठेवले, भेट म्हणून.

मी तसाच बसून राहिलो. तो गेला, ऊन आले, ऊन गेले. सुगंधाबाई मासे उचलायला आली तेव्हा म्हणाली, पाय आखडले का. हो म्हटले.

पुडके पुन्हा न्हाणीत. आंघोळ पुन्हा बंद.

११ जुलै.

जाणकाराचा सल्ला घ्यावा. वडशाला रहीमभाई बंदुका दुरुस्त करतात, काडतुसे विकतात, त्यांना यातले सगळे ठाऊक. स्वतः गेलो असतो. पण गाढवी नदीला पूर, आणि बैलगाडीत पुडके घेऊन दगडाधोंड्यांतून जाणे म्हणजे झोपलेल्याला गदागदा हलवणे.

आमचा कोतवाल पोचू दर शुक्रवारी डोंग्यातून पलीकडे जातो, ठाण्यावर जन्ममृत्यूचा रिपोर्ट द्यायला. त्याला विश्वासात घेतले. म्हटले, दुसऱ्या गावच्या एका माणसाची काडतुसे उडेनात, त्याला काय सांगावे, एवढे विचारून ये. पोचूने विचारले, त्या माणसाचं नाव काय सांगू. मी म्हटले, नाव नको. तो म्हणाला, बरं, गुणवंतभाऊंनं नाव नाई सांगितलं असं सांगतो.

१६ जुलै.

पोचू काल संध्याकाळी आला. रहीमभाईंचा निरोप अगदी मोजका: ठंडे करून टाका.

मी दोनदा म्हणवून घेतले. पोचू म्हणाला, एवढंच म्हणले जी, ठंडे करून टाका म्हणा, मंग माझ्याकडे धाडा.

याला म्हणतात जाणकार. दारू तापली की भडकते, थंड राहिली की भडकत नाही. साधा टेम्परेचरचा हिशोब, माझ्या ध्यानात कसा आला नाही. घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे पाण्याचे माठ. माठाखालच्या ओल्या वाळूत पुडके पुरले. मेणकापड होतेच, त्यामुळे ओल लागायची भीती नाही. गारवा तेवढा लागेल. थंड झाली की मग धाडू.

१९ जुलै.

माठ ठेवताना आशाबाई दाणकन ठेवते. आजवर कधी कानांना जाणवले नव्हते. दर वेळी मी दाराबाहेर असतो. आज सांगितले, माठ असा ठेवावा की माठालाही कळू नये. तिला वाटले, गेल्या वर्षी फुटलेल्या माठाचा टोमणा. ती रडली. सोनीबाईने कोण मेले म्हणून विचारले.

घरचे पाणी पीत नाही. तहान लागली की मुखरूकडे जातो. मुखरू म्हणाला, भाऊ, भांडण झालं का घरी. म्हटले, शेजारधर्म.

२२ जुलै.

तब्येती. सुगंधाबाई: बरी, पण माझ्याकडे टक लावून पाहते. आशाबाई: बोलत नाही. सोनीबाई: बरी. बैल: बरे. माझे वजन उतरले, बंडी ढिली होते.

आज वाळूत हात घालून पाहिला. गार लागले. पण रहीमभाईंनी किती गार ते सांगितले नाही. हात घातलेला तसाच राहिला, कारण काढताना धक्का लागेल असे वाटले. सुगंधाबाई आली. काय शोधता, म्हणाली. म्हटले, वाळू तपासतो. तिने मला काखेत धरून उठवले.

२४ जुलै. नागपंचमी.

माठाखाली ठेवणे आता होत नाही. झोप नाही. मीच कधी उडेन, सांगता येत नाही.

नवा प्लॅन, आणि हा शेवटचा. आज नागपंचमी. आज गावात कोणी नांगर धरत नाही, कुदळ धरत नाही, सुरीने भाजीसुद्धा चिरत नाही. म्हणजे शेतात चिटपाखरू नसणार. नागोबाची मनातल्या मनात माफी मागितली आणि बांधावरच्या पळसाखाली खड्डा खणून पुडके पुरले. वर माती, मातीवर काटे.

परत येताना मुखरू दिसला. माझ्या हातातल्या कुदळीकडे पाहत होता. मी म्हटले, फिरायला गेलो होतो.

२६ जुलै.

आजचा दिवस कोणावर न येवो.

ओसरीत बसलो होतो. मुखरू आला, कोपरापर्यंत मातीने भरलेला, तोंड उतरलेले. कमरेतून मेणकापडाचे पुडके काढले आणि दोन हातांवरून, दाणकन, माझ्यासमोर टाकले.

"भाऊ, मले वाटलं, सणाच्या दिवशी बुढा लपून खणते म्हणजे सोनं गाडून राह्यला. दोन दिवस खणलं म्या. हे गाडाले पळस कायले लागते जी? कचऱ्यात नाई टाकता येत?"

तो बोलला ते मला नंतर कळले. कारण पुडके जमिनीवर पडले तेव्हा मी तिथे नव्हतो. मी ढोल्याच्या मागे होतो. मधला वेळ आठवत नाही. कानांत बोटे, डोळे मिटलेले, आणि सगळ्यांचे चेहरे एकामागून एक समोर येत होते: सुगंधाबाई, देवाजी, आशाबाई, सोनीबाई. ढवळ्यासुद्धा.

बराच वेळ काही उडाले नाही. नंतर सुगंधाबाईने पुडके आत आणून माझ्या हातात दिले. घ्या, म्हणाली, जपून ठेवा. आवाज अगदी मऊ. मी डोळे न उघडता घेतले. भ्रम असेल, पण हलके लागले. थंड झाल्यावर वजन उतरत असावे.

घरात कोणी काही विचारले नाही. त्याअर्थी कोणाला काही कळलेले नाही. पुडके पुन्हा माठाखाली, घरचे पाणी पुन्हा बंद.

२९ जुलै.

पोचू वडशाला गेला. सुगंधाबाईने त्याच्यासोबत टोरीच्या, मोहाच्या बियांच्या, तेलाचा डबा धाडला. म्हणाली, बुडाला भोक आहे, बुजवून आणेल. भोक असलेला डबा काठोकाठ भरून कशाला धाडायचा, असे विचारणार होतो. पण बायकांच्या कारभारात मी पडत नाही.

८ ऑगस्ट.

अखेर जागा सापडली. मुखरूच्याच बोलण्यातून सुचली. मागच्या पडवीत तुटकी सुपे, झिजलेल्या झाडण्या, फुटके टोपले यांचा ढीग आहे. त्या ढिगाला वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही. पुडके टोपल्यात, टोपले ढिगात.

आज तेरा दिवसांनी घरचे पाणी प्यालो. गोड लागले. आशाबाईचा माठ दाणकन ठेवला गेला, मी नुसता हसलो. तीही हसली.

धानाची लावणी, रोवणा, आटोपला. डुकरे येतात. मी बंदूक खांद्यावर टाकून दिवसा बांधावरून एक फेरी मारतो. काडतुसे आणायची आहेत, पण पूर. नुसत्या बंदुकीचाही धाक असतोच. रिकाम्या बंदुकीचे एक बरे, तिची कोणालाच भीती नसते. आशाबाई पावसात तिच्यावर ओली लुगडी वाळत घालते.

१५ ऑगस्ट, सोमवार. स्वातंत्र्यदिन.

शाळेचे भैयाजी मास्तर काल आले होते. झेंडा वर गेला की भाऊंनी एक सलामीचा बार काढावा, अशी मुलांची इच्छा. डोके शाबूत होते. म्हटले, मास्तर, ज्या देशाने अहिंसेने स्वराज्य मिळवले, तिथे बार काढणे शोभते का? मास्तर खजील झाले.

तरी मुलांचा हिरमोड नको म्हणून प्रभातफेरीत बंदूक खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे चाललो. मागे अख्खी शाळा. सुगंधाबाई दारात उभी राहून पाहत होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या डोळ्यांत मी पहिल्यासारखा दिसलो.

१७ ऑगस्ट, बुधवार. पोळा.

ढवळ्या-चांद्याला हळद, तेल, नव्या झुली. तोरणाखाली आमची जोडी तिसरी. सगळ्यांच्या तब्येती उत्तम. पुरणपोळ्या पाच खाल्ल्या.

संकल्प: पूर ओसरला की पुडके घेऊन स्वतः वडशाला जाणार. आता मला तसूभर भीती नाही. मुळात नव्हतीच.

१८ ऑगस्ट, गुरुवार. मारबत.

अंगावरचा चिखल धुतलेला नाही, आधी लिहितो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत असते हे मला ठाऊक नाही का? साठ वर्षे पाहतो आहे. कामट्यांची, पळसाच्या पानांची बाई करायची, तिच्यासोबत घराघरातले तुटके सूप, झिजली झाडणी, फुटके टोपले द्यायचे, आणि शिवेवर नेऊन सगळे पेटवून द्यायचे. रोगराई जाते. वर्षभर टाकाऊ सामान ठेवतात ते त्यासाठीच. हे सगळे मला ठाऊक होते. फक्त ८ ऑगस्टला आठवले नाही.

सकाळी उठलो. पडवीत गेलो. ढीग नव्हता. जमीन झाडलेली.

शिवेकडून आवाज येत होता. "खोकला, खासी, ढेकूण, मोसे, घेऊन जाय गे मारबत."

धावलो. धोतर सुटत होते, एका हाताने धरले. चप्पल कुठे गेली माहीत नाही. चिखलातून, बांधावरून, मुखरूच्या रोवण्यातून. एकच दिसत होते: सगळे गाव त्या आगीभोवती कडे करून उभे, लेकरे पुढे, आणि मधोमध माझे पुडके. हे माझ्या हाताने झाले. डुकराला भ्यालो, काडतुसांना भ्यालो, गावाच्या हसण्याला भ्यालो, आणि तेवढ्यासाठी गाव जाळायला निघालो.

पोहोचलो तेव्हा पोचूने पेटवून दिले होते. सगळ्यात जवळ सुगंधाबाई, हातात आमचे टोपले, ते ती आगीत टाकत होती. टाकलेच.

मी ओरडलो, "झोपा. सगळे खाली झोपा."

गावाने माझे कधी ऐकले नाही, आज ऐकले. माझा चेहरा पाहूनच ऐकले असावे. म्हातारे, लेकरे, मास्तर, सगळे चिखलात पालथे. सोनीबाई तेवढी उभी, तिला ऐकू आले नाही. मुखरूने तिचा पाय ओढला. सुगंधाबाई खाली वाकेना, गुडघे. मी तिला ढकलले आणि तिच्या अंगावर पडलो. पाठ आगीकडे.

फाट्.

आगीतून ठिणग्या उडाल्या. लेकरे किंचाळली. एक, म्हटले. फाट्. दोन. माझ्या पाठीला काही लागले नाही, लागले असते तर कळले असते का, तेही कळत नव्हते. तीन. डोळे मिटून तिच्या कानात सांगत होतो, घाबरू नको, अजून दोनच आहेत. फाट्. चार.

पाचवे येईना. मी वाट पाहिली. सगळे गाव श्वास धरून चिखलात.

मग खालून सुगंधाबाई बोलली. अगदी संथ, रोज सरपणाचे विचारते तसे.

"उठा जी. बांबूच्या कांड्या हायेत त्या."

मी म्हटले, अजून एक बाकी आहे.

"चारच घातल्या म्या. तुमची काडतुसं कव्वाच ठंडी करून रहीमभाईकडे धाडली. तेलाच्या डब्यात. ठंडे करनं म्हणजे काय ते तुमाले नाई समजलं? मोहरमात ताबूत ठंडे करते तं काय माठाखाली ठेवते का? बुडवते."

म्हणजे बुडवायचे होते. पाण्यात, तेलात, आत भिजेल असे. मी बुडवले तेव्हा मेणकापडात बुडवले. रहीमभाईंचा निरोप पोचूने तिलाही सांगितला होता. मुखरूने पुडके टाकले आणि मी ढोल्यामागे गेलो, तेवढ्यात तिने ते सोडले, काडतुसे तेलात टाकली आणि दोन्हीकडे गाठ असलेल्या ओल्या बांबूच्या कांड्या त्यात बांधून माझ्या हातात दिल्या. मिटल्या तोंडाची कांडी आगीत पडली की फुटतेच, जंगलात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

मी विचारले, मला काऊन नाही सांगितले.

"मले काडतुसाचं भेव नाई वाटलं," ती म्हणाली. "तुमच्या भेवाचं वाटलं. रिकामी पुडी पाहून तुमी सारं गाव उपसलं असतं. आता उठा, माझे गुडघे दबून राह्यले."

उठलो. सगळे गाव चिखलाचे पुतळे होऊन माझ्याकडे पाहत होते. आधी डोमा हसला, मग मास्तर, मग लेकरे. मुखरू मात्र आगीकडे पाहत होता. म्हणाला, भाऊ, हा आवाज बंदुकीपक्षा चांगला हाय. बांधावर कांड्या जाळल्या तं डुक्कर येनार नाई. ताकीदही नाई लागनार.

१९ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळ. मुक्काम मुखरूच्या घरी.

मुखरूने काल सांजेला बांधावर कांड्या जाळल्या. डुकरे आली नाहीत. गावाला आता बंदूकवाला लागत नाही. ठीक आहे. मला वाईट वाटलेले नाही.

वाटायला वेळही मिळाला नाही. काल ओसरीत जेवताना मी सुगंधाबाईला म्हटले, बाकी सगळे चोख केलेस, पण पाचवे काडतूस कुठे हरवलेस? ती म्हणाली, पुडीत चारच होती. डोमाला बोलावले. तोही म्हणाला, चार. मुखरूला विचारले, चार. पोचूला विचारले. रहीमभाईंनी डबा ओतून मोजली, चार.

मी म्हटले, मी पाच घातली होती. एक घातले, काढले. दुसरे घातले, काढले. तिसरे. चौथे. पाचवे घातले, टक् झाले, डुक्कर माझ्याकडे आले.

आणि मग मी घरी आलो.

सगळ्यांनी एकदमच वर पाहिले. खुंटीवर बंदूक. तिच्यावर आशाबाईचे ओले लुगडे. नळीचे तोंड बरोबर त्या जागेच्या वर, जिथे जुलैपासून मी उशी ठेवतो.

स्वातंत्र्यदिनाची प्रभातफेरी आठवली. मागची अख्खी शाळा आठवली. मी खाली बसलो. या वेळी कोणी हसले नाही.

सुगंधाबाईनेच सगळ्यांना एकेक करून मागच्या दाराने बाहेर काढले, शेवटी मला. बैल आणि गाय सोडून आणली. घराला कडी. पोचू ओसरीपासून लांब चिंचेखाली पहाऱ्याला बसला आहे, कोणाला त्या बाजूला फिरकू देत नाही. तोच दुपारी डोंग्यातून वडशाला निघेल, मग तिथे डोमा बसेल. पोस्टाचे कार्ड घरात राहिले, म्हणून हा मजकूर वहीतच लिहितो, पान फाडून देईन.

रहीमभाईंस, गुणवंतरावाचा सलाम.

आपली तब्येत बरी असेल. आपल्या घरच्या शकिलाबाईंचा खोकला उतरला असेल. दुकान गळत नसेल. इकडे सुगंधाबाईचे गुडघे दबले, पण बरे. आशाबाई बरी, तिचे लुगडे तेवढे आत अडकले. सोनीबाई बरी, काय झाले ते तिला अजून सांगता आलेले नाही. बैल बरे. माझी तब्येत ठीक नाही. मी घाबरलो आहे. हे आपल्यालाच पहिल्यांदा लिहितो.

बंदूक भरलेली आहे. आतले काडतूस झोपले आहे की मेले आहे, मला सांगता येत नाही, आणि कोणाला हात लावू दिलेला नाही. या खेपेला एका शब्दात निरोप धाडू नये. काय करावे, कोणी करावे, ते फोड करून लिहावे. मी करायचे असेल तर तसेही लिहावे, मी करीन. पण आपण स्वतः आलात, तर सुगंधाबाई आपल्याला मरळाचा रस्सा करून घालील, मुखरूच्या चुलीवर.

तोवर मुखरूचे घरचे धरून नऊ जीव एका खोलीत आहोत, आणि मुखरू घोरतो. उत्तर लवकर धाडावे.